आण्णांचा ग्लास आणि मेहमुदाचं मटण

मेहमुदा चौदा वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करते. नवरा निसार रिक्षाच्या सीटा शिवायचा. तो गेला तेव्हा मुलगी शिफा नववीत होती आणि सोहेल पाचवीत. आता शिफा लग्न होऊन इचलकरंजीला गेली आणि सोहेल शिरोली एमआयडीसीत लेथवर लागला. "आता बस झालं, अम्मी," असं तो म्हणतो, पण तिला नुसतं बसवत नाही.

तिच्या कामाच्या तीन घरांपैकी एक कोल्हापुरातल्या कळंब्यातलं, हंबीररावांचं. वय सत्तर, फाउंड्रीतून निवृत्त, बायको तीन वर्षांपूर्वी वारलेली. तरुणपणी कंपनीनं त्यांना मशीन शिकायला दोन वर्षं इटलीला पाठवलं होतं. तिथं ज्या घरात भाड्यानं राहिले, तिथं जेवताना साधी, रोजची वाइन पाण्याच्या तांब्यासारखी टेबलावर असायची. अलीकडे त्यांना वाटू लागलं, रविवारी आपणही एक ग्लास घ्यावा. महागातलं काही नाही. दुकानात मिळेल ती स्वस्तातली स्पॅनिश, नाहीतर पोर्तुगीज.

पहिल्या रविवारी त्यांनी तांबड्या रश्श्याबरोबर लाल वाइन घेतली आणि दोन घासांत ताट बाजूला सारलं. मेहमुदा दारातून बघत होती.

"बिघडलाय व्हय, आण्णा?"

"रस्सा झकास हाय. पर ह्या वाइनसंगट घशात जाळ उठतोय."

आपण केलेलं ताटात राहिलं, हे तिला लागलं. "जिभेला काय होतंय, नीट सांगा की."

हंबीररावांनी पुन्हा एक घोट घेतला. "आधी तिखट दुप्पट होतंय. मग तोंड सुकतंय, कच्ची सुपारी खाल्ल्यागत."

मेहमुदा विचारात पडली. दारू तिनं जन्मात तोंडाला लावली नव्हती, लावणारही नव्हती. पण सुपारी कळत होती. जीभ आक्रसते, तर तिला चरबी पाहिजे. आणि तिखट आधी काढलं पाहिजे.

पुढच्या रविवारी तिनं चरबीचं मटण आणलं आणि कांदा-लसूण चटणीचा डबा उघडलाच नाही. मिरी, भाजलेलं खोबरं, तीळ, भरपूर कांदा, एवढ्यावर सुकं केलं. कोल्हापुरात असं मटण पाहुण्याला वाढलं असतं तर पाहुणा पुन्हा आला नसता. हंबीररावांनी मात्र हाडंसुद्धा चोखली.

हे महिनाभर चाललं आणि सोहेलच्या कानावर गेलं. तो जेवता जेवता थांबला. "तिथं शराब पितात, आणि तू त्यासाठी सालन करतीस?"

मेहमुदानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. सोमवारी कळंब्याला गेली आणि पदर खोचायच्या आधीच म्हणाली, "आण्णा, मी काम सोडतो."

कारण ऐकून हंबीरराव म्हणाले, "बाटली बंद करतो. त्यात काय."

"तुमच्या घरात तुमी काय प्यावं, ते मी कोण सांगणार? पर माझ्यासमोर नको. मला बाटलीला हात लावाय नको, ग्लास धुवाय नको."

तसंच ठरलं. रविवारी ती रांधून निघून जायची, मग ते बाटली उघडायचे आणि ग्लास स्वतः धुवायचे. सोमवारी सकाळी चहा ठेवता ठेवता ती विचारायची, "काल कसं झालं?"

ते सांगायचे. खोटं कौतुक नाही, घाई नाही. रव्यात घोळून तळलेला नदीचा मासा हलक्या पोर्तुगीज पांढऱ्या वाइनबरोबर उत्तम जमला. भरल्या वांग्यातल्या गुळानं लाल वाइन आंबट पडली. पांढऱ्या रश्श्यात लिंबू पिळलं, तर वाइन पाण्यासारखी सपक झाली. "मग लिंबू काढतो," ती म्हणायची. इतर घरांत चौदा वर्षांत कुणी 'छान' किंवा 'मीठ जास्त' यापलीकडे शब्द काढला नव्हता. सोमवारची ती वाट बघू लागली. सोहेलला तिनं ठरलेलं सगळं सांगितलं. तो हूं म्हणाला, पण त्याची कपाळावरची आठी गेली नाही.

रमजानात तिनं रविवारचं काम बंद ठेवलं. हंबीररावांनी रविवारपुरता डबा लावला आणि महिनाभर बाटली आणलीच नाही. ईदला मात्र ते रिक्षा करून तिच्या घरी आले. यापूर्वी कधी आले नव्हते.

सोहेलनं खुर्ची दिली, वाटी भरून शिरखुर्मा पुढं केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हंबीररावांनी एक चमचा खाल्ला.

"आधी तूप येतंय, मग दूध," ते सवयीनं बोलू लागले. "शेवया मऊ हायत. खारीक मात्र जरा दाताखाली येतीय. भिजाय कमी पडली काय?"

"रातभर घातलीवती," मेहमुदा म्हणाली. "पाणी गरम पाहिजे हुतं."

सोहेल दोघांकडं बघत राहिला. "असंच सांगता व्हय तुमी, आण्णा? दर वेळी?"

"मग काय. त्याबिगर तुझ्या अम्मीला कळायचं कसं?"

सोहेलनं आपली वाटी उचलली. नेहमी तो चार घासांत संपवायचा. आता एक चमचा तोंडात धरून थांबला. "वेलदोडा जास्त झालाय, अम्मी."

"आनि इतकी वर्सं का बोलला न्हाईस?" ती म्हणाली, आणि हंबीरराव हसले.

आता रविवारी सोहेल तिला गाडीवरून कळंब्याला सोडतो. आत येत नाही. गेटापाशी थांबून आण्णांना सलाम करतो आणि परत फिरतो.