बिनतुपाची मनुहार

तायडेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "थोड्या वेळात मला खायचंय. चालेल ना?" पहिल्यांदा ते आमच्या दारात उभे राहून हे म्हणाले तेव्हा मी गडबडलेच. जयपूरच्या वैशाली नगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खोकी अजून फोडलेली नव्हती, गॅस जोडायचा होता. समोरच्या फ्लॅटमधले मराठी गृहस्थ ओळख करून घ्यायला येतात काय, आणि आल्या आल्या खायचं काढतात काय! मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा बाहेर काढला. "घाबरू नका ताई. जेवण माझं आहे. तुमची फक्त खुर्ची पाहिजे."

त्या खुर्चीवर बसून त्यांनी एक उकडलेला बटाटा खाल्ला. वर मीठ, लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. बटाट्याशिवाय जगात दुसरं काही नाही अशा थाटात, सावकाश, मन लावून खाल्ला. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मग रुमालाने मिशी पुसून म्हणाले, "हं, आता बोला. कुठल्या तुम्ही?" मी सांगलीची म्हटल्यावर मान डोलावली. "आम्ही भुसावळकडचे. तर्रीवाले. म्हणजे, होतो."

त्या 'होतो'मागची हकिकत मला पुढे काकूंकडून कळली. काका रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. माणूस खाण्याचा भारी शौकीन. आल्या आल्या कुणीतरी दाल-बाटी खायला घातली, तर हे तिथेच ओरडले, "अरे, ही तर आपली वरण-बट्टी! मावशी भेटली भो!" तेव्हापासून त्या मावशीशी त्यांनी नातं असं जपलं, की बाटी तुपात नुसती बुडवणं त्यांना पटायचं नाही, ती पोहायला सोडायची असते असं ते म्हणत. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून राजा पार्कला कांद्याची कचोरी खायला जायचं, येताना घरच्यांसाठी बांधून आणायची आणि घरी येऊन त्यातलीही खायची. काकू म्हणायच्या, "यांच्या पोटात स्टेशन नाही, अख्खं जंक्शन आहे."

मग एका रविवारी त्या जंक्शनात मोठा घोटाळा झाला. पोट असं दुखायला लागलं की काका गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर पडले. स्वादुपिंडाला सूज आली होती. हॉस्पिटलात बरेच दिवस काढले. तिथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या नागपूरच्या, तोंडाने फटकळ. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "तेल, तूप, साय, लोणी, तळलेलं, सगळं बंद. फोडणीत थेंब चालेल, धार नाही. दाणे-खोबरंही बेतानंच. आणि वजन अजिबात उतरू द्यायचं नाही." यातला पहिला भाग घरातल्या सगळ्यांनी देवाज्ञा मानून पाळला. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं. पोटाचं दुखणं म्हटलं की कमी खायचं, हे आपल्या हाडामासात इतकं मुरलेलं आहे, की डॉक्टर उलटं सांगतात तेव्हा तेच चुकून बोलले असं वाटतं.

काकू मुगाचं पाणी देत राहिल्या, पेज देत राहिल्या, दुधीभोपळा उकडून देत राहिल्या. काका मुकाट खात राहिले आणि वाळत गेले. गंमत बघा, लोकांनी त्यांचं कौतुक केलं! मंडळाच्या गणपतीत जो तो विचारायचा, "तायडे, काय फिट झालात हो! काय करता सांगा तरी!" काकाही खूश. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं आणि ते सगळ्यांना दाखवत फिरले. असं चाललं होतं, तोवर एके दिवशी त्यांची मुलगी प्राची ऑफिसातून आली, तर बाप जिन्यात बसलेला. शेजारी भाजीची पिशवी. ती उचलून वर न्यायचं त्राण त्या माणसाच्या अंगात उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि फैलावर घेतलं. "मी तुमचं तूप बंद केलं होतं, तायडे. जेवण कुणी बंद केलं? तूप काढलं, त्याची जागा रिकामी राहिली. तिथे दुसरं काही बसवायला नको? भात वाढवा, डाळ वाढवा, बटाटे, रताळी, केळी, साय काढलेल्या दुधाचं दही, अंड्याचा पांढरा भाग. एका वेळी जास्त झेपत नसेल तर पाच-सहा वेळा खा. आणि पचनाच्या गोळ्या दिल्यात, त्या जेवणासोबतच घ्या. उद्या परत दुखणं उलटलं, तर तोंड द्यायला अंगात काही शिल्लक हवं. असेच वाळत गेलात तर मी काही करू शकणार नाही." काका हे सांगताना दरवेळी कानाची पाळी पकडायचे. "असं कधी साहेबानंही झापलं नव्हतं भो."

तिथून काकांचा कारभार पालटला. "आजवर मी एक्स्प्रेस होतो," ते म्हणायचे, "दोन टेशनांवर थांबायचं अन् दणकून भरून घ्यायचं. आता पॅसेंजर झालो. प्रत्येक टेशनाला थांबणार, मग कुणी काही म्हणो." आणि खरंच थांबायचे. बँकेच्या रांगेत, शोकसभेत, साखरपुड्यात, रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून सीटवर डबा ठेवून. मी एकदा विचारलं, "काका, भूक तरी लागते का हो इतक्या वेळा?" तर म्हणाले, "भुकेची वाट पाहायची नाही ताई. माझी भूक माझ्याआधीच रिटायर झाली. ड्यूटी म्हणून खायचं. मग चव आपोआप येते." केळं खाताना मात्र त्यांचा चेहरा हळवा व्हायचा. "इथल्या केळ्याला काय चव? पण आमच्याकडचं नाव सांगतं, म्हणून लाडकं."

खरी परीक्षा काकूंची होती. रश्श्यावर तेल तरंगलं नाही तर भाजी रुसली असं मानणारी ती बाई. सुरुवातीला बिनतेलाची भाजी वाढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू हात बसला. कांदा गॅसवर भाजायचा, जिरं कोरडंच परतून त्यावर पाण्याचा हबका मारायचा, चिंच-गूळ थोडा पुढे सरकवायचा. दूध दोनदा तापवून दोनदा साय काढायची आणि उरलेल्या दुधाचं दही लावायचं. ती साय टाकवत नाही म्हणून माझ्या घरी यायची. काकांचं वजन राखण्याच्या त्या मोहिमेत माझं मात्र भरभरून वाढलं. दर रविवारी काका कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे बूट काढून काट्यावर चढायचे. काटा टिकलेला असला की तिथूनच, स्कूटरपाशी उभ्या असलेल्या काकूंना हिरवी झेंडी दाखवावी तसा रुमाल हलवायचे. येणारे-जाणारे बघत राहायचे आणि काकू लाजून दुसरीकडे तोंड करायच्या.

सगळं असं रुळावर आलं होतं आणि प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा निखिल, तिच्याच ऑफिसातला, आदर्श नगरातल्या जुन्या जयपुरी घरातला. त्या घरात शब्द चालायचा निखिलच्या आजीचा, दादीजींचा. त्यांनी पुष्कळ दिवस होकार अडवून धरला होता. कारण जातीचं होतं. तायडे मंडळी बौद्ध, हे त्या घराला ठाऊक होतं, आणि अडलंय कुठे ते तायड्यांच्याही घराला ठाऊक होतं. शेवटी नातवाच्या हट्टापुढे दादीजी 'हो' म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या की कसं, हे कुणालाच कळेना.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात प्राची कासावीस होऊन बसली होती. मी तिथेच होते. ती म्हणाली, "पप्पा, त्यांच्यात सज्जनगोठ असते. मतलब, व्याह्यांचं स्पेशल जेवण. त्यात मनुहार करतात, हाताने भरवतात. सगळ्यात आधी दादीजी तुम्हाला चूरम्याचा लाडू भरवणार. आणि नको म्हटलं ना, तर ते लोक खूप बुरा मानतात. नको म्हणजे आमचं घरच नको, असं समजतात."

चूरम्याचा लाडू म्हणजे तूप आणि त्याला धरून ठेवायला लागेल तेवढं पीठ! काकू लगेच म्हणाल्या, "मी आधीच कळवते त्यांना, आजार आहे म्हणून."

"नाही कळवायचं," काका म्हणाले.

माझा पारा चढला. "काका, वेड लागलंय का? लग्नाच्या दिवशी पोरीला हॉस्पिटल दाखवायचंय?"

काका कधी नव्हे ते माझ्यावर चिडले. "ताई, माझ्या बापाला गावात पाणी वरून ओतून द्यायचे. ओंजळ धरून उभा राहायचा तो. अन् त्याच्या पोराच्या तोंडात त्या घरातली सगळ्यात मोठी बाई स्वतःच्या बोटांनी घास घालणार. तो मी कागदी निरोप धाडून चुकवू? आधीच सांगितलं तर त्यांनाही बरंच होईल. भरवायचं टळलं, असं नको व्हायला." काकूंनी पदर तोंडाला लावला. प्राची उठून आत गेली. तिला बापही धडधाकट हवा होता आणि ते घरही हवं होतं.

सज्जनगोठीला काका बंद गळ्याचा कोट आणि साफा घालून बसले. खुर्चीखाली डब्याची पिशवी होतीच. दादीजी आल्या. ठेंगणी, ताठ म्हातारी, जरीची ओढणी डोक्यावरून घेतलेली. ताटातला लाडू त्यांनी उचलला. तो नुसता चकाकत होता. काकांनी तोंड उघडलं. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तेवढ्यात समोर प्राचीने मान हलवली. नको पप्पा, नको. तिचे डोळे भरले होते.

काकांनी तोंड मिटलं. पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. निखिलच्या काकांच्या कपाळावर आठी उमटलेली मी पाहिली. काकांनी दादीजींचं मनगट दोन्ही हातांत हळूच धरलं आणि म्हणाले, "मांजी, मुझे घी हजम नहीं होता, सीधा अस्पताल पहुँचता हूँ। पर आपके हाथ का निवाला मुझे चाहिए।" मग वाकून त्यांनी डबा काढला, उघडला आणि पुढे धरला. आत काकूंनी सकाळी केलेला बिनतुपाचा गूळभात होता. "इसमें से खिला दीजिए। हमारे घर का है।"

तायड्यांच्या घरी शिजवलेलं अन्न! सगळ्या मांडवासमोर त्यांनी दादीजींपुढे तेच धरलं होतं. दादीजी डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लाडू ताटात ठेवला, बोटांचं तूप त्या जरीच्या ओढणीला खुशाल पुसून टाकलं आणि डब्यात हात घालून भाताचा घास काकांना भरवला.

मनुहारीत उलट घास द्यायचा असतो. काकांनी भात चिमटीत घेतला खरा, पण हात अर्ध्यावर थांबला. दादीजी म्हणाल्या, "रुक क्यों गए? अब मेरी बारी है।" आणि त्यांनी तोंड उघडलं. काकांनी घास भरवला आणि मिशीला गूळ लागलेला असताना ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले, सांगायला लाज कसली.

त्यानंतर काका आणखी काही वर्षं पॅसेंजर गाडीसारखे थांबत थांबत छान जगले. पोटाने पुन्हा दगा दिला नाही, काटाही खाली आला नाही. गेले ते हृदयाने, झोपेत, कुणाला त्रास न देता. आमच्या मजल्यावरची रया गेली. त्या दिवशी काकूंच्या घरी स्वयंपाक झाला नाही. दुपारी आदर्श नगरहून जेवण आलं आणि त्याच्यासोबत, निखिलचा हात धरून जिना चढत, दादीजी स्वतः आल्या. मी झाकणं काढली. डाळ, भात, फुलके, भाजी. कशावरही तुपाचा थेंब नव्हता. फुलके पार कोरडे होते. जयपुरात कोरडा फुलका वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, हे इतक्या वर्षांत मला माहीत झालं होतं.

काकू सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्या फुलक्यांकडे बघून म्हणाल्या, "दादीजी, अब तो वो नहीं रहे। घी चल जाता।"

दादीजींनी फुलक्याचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि काकूंच्या ओठांशी नेला. "इस घर में तो ऐसे ही खाते हैं ना, बेटी," त्या म्हणाल्या. काकूंनी तोंड उघडलं. मग प्राची जेवली, मी जेवले आणि दादीजीही आमच्याच पंगतीत तेच जेवल्या.