माळावरची खर्चुडी
गौरी-गणपतीला मी माहेरी गेले, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, दसरा झाला की माळ सपाट करून ऊस लावतोय. जेसीबी सांगितलाय."

आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. मी सांगलीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भाऊ फौजेतून रिटायर होऊन शेती बघतो. घरामागचा माळ मुरमाड, कुसळी गवताचा. तिथं आजवर कुणी काही पेरलं नव्हतं. आता पाइपलाइननं पाणी तिथवर पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी गौरीसाठी तेरडा आणायला माळावर गेलो. दगडी तालीच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला मला खर्चुडीचा वेल दिसला. बोटाएवढं फूल, खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं कंदिलासारखी जुळलेली. चिलटं आत शिरतात आणि नळीतल्या केसांमुळं अडकतात. केस वाळले की पराग घेऊन बाहेर पडतात. सह्याद्रीतली काही पठारं आणि माळ सोडले तर ही जात जगात कुठं नाही. वर्गात मी ती पडद्यावर दाखवते.

"ही व्हय?" वहिनी म्हणाल्या. "शेरडं राखताना आमी हिचे कंद उकरून खायचो. गोड लागत्यात."

"सगळेच खायचे?"

"लय. म्हणून तर आता दिसत न्हाई."

रात्री जेवताना मी भावाकडं विषय काढला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आक्का, आई टँकरमागं घागर घिऊन पळायची, ते तू बघितलंयस. आता पाणी दारात आलंय, आन मी फुलासाठी माळ पडीक ठेवू?"

त्याच पाण्याचा तांब्या माझ्यासमोर होता. मी म्हटलं, "सगळा माळ नको रे. तालीकडची पट्टी तेवढी सोड."

"तितं न्हाईतरी ऊस यायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या. "नुसता खडक हाय."

भाऊ म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे तेवढं."

दिवाळीत गेले तर माळ सपाट झाला होता. पट्टी शाबूत होती, पण रानातले सगळे दगड ड्रायव्हरनं तिच्यावरच ढकलले होते. जेसीबी चालला त्या दिवशी भाऊ कामासाठी कडेगावला गेला होता.

"मी सांगितलं हुतं त्याला," तो म्हणाला. "पर दगड टाकायचं तर तालीकडंच टाकायचं, ही त्याची सवय." मग मी काही बोलायच्या आत त्यानं बाह्या सरसावल्या. सुट्टीभर आम्ही तिघं सकाळी दगड उचलत होतो. मोठे होते ते तसेच राहिले.

पुढच्या पावसाळ्यात थोडेच वेल वर आले. उसाच्या बाजूचे कंद पाझरामुळं कुजले होते. वरच्या अंगाला मात्र फुलं लागली. भाऊ आता त्या कडेला तणनाशक मारत नाही, वहिनी खुरप्यानं भांगलतात. तिचं बी नेऊन मी सांगलीत कुंड्यांत लावलं. वेल वाढलेत, फूल अजून आलेलं नाही.

यंदा तालीपलीकडच्या भावकीनं त्यांचाही माळ सपाट करायचं ठरवलंय. खर्चुडी तिकडंच जास्त आहे. त्यांच्याशी बोलायला मी एकटीच निघाले होते. भाऊ पायात चपला घालत म्हणाला, "थांब, मीबी येतो. तुझं ऐकतील का न्हाई, सांगता येत न्हाई."

माझं त्यांनी ऐकलं नाहीच. भावाला मात्र बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, "बघू."