मशीनसमोरच्या चपला
रबर जळल्याचा वास आला की मला कोराडीच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. आमच्या लायनीतली पहिली वॉशिंग मशीन आमच्याकडे आली होती आणि दसऱ्याला आईने तिला हळदकुंकू वाहून झेंडूचा हारही घातला होता. त्या दुपारी मशीन एकाएकी धडधडत जागची सरकू लागली, पट्टा जळल्याचा वास सुटला आणि खालून साबणाचं पाणी वाहून न्हाणीभर पसरलं. वीजकेंद्रात नोकरी करणारे बाबा रबरी चपला घालून, टेस्टर घेऊन आले. त्यांनी टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला आणि त्यातला दिवा पेटला. तेवढ्यात आई बटण बंद करायला पाण्यातून पुढे झाली. "हात लावू नको वं! करंट उतरला हाये!" बाबांचा आवाज चिरकला. आईचा हात पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी दारात उभी होते. बाबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाबा परत आले. आईचे ओले, अनवाणी पाय बघत म्हणाले, "चपला काहून काढल्या वं?" "पूजा केली ना हिची," आई म्हणाली, "चपला घालून कशी जाऊ?" आता माझ्या मशीनसमोर रबरी चपलांचा जोड कायम असतो. आई आली की आधी तो उचलून दाराबाहेर ठेवते.