सायकलच्या पुढची बॅग

माझी घडीची सायकल हा आमच्या सोसायटीत चेष्टेचा विषय आहे. वीतभर चाकं, वर लांबच लांब दांडा आणि त्यावर पन्नाशीची बाई. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला होता, सर्कस गावात कधी आली? मी मनावर घेतलं नाही. ज्याला बेंगळुरूत रोज बेळ्ळंदूरहून आउटर रिंग रोडने ऑफिसला जायचंय त्यानं दुसऱ्याच्या सायकलला हसू नये. हसणारे एसी लावून गाडीत बसतात, मी सर्व्हिस रोडच्या कडेनं त्यांना ओलांडून जाते आणि सायकलची घडी करून टेबलाखाली सरकवते. ते पोचतात तेव्हा माझा दुसरा चहा झालेला असतो.

तर सायकल ऑफिसपुरती होती. तिच्यावर ओझं लादायची वेळ आली ती अप्पांमुळे.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर सोलापूरच्या घरात एकटेच राहत होते. मी एकुलती एक. मी चंग बांधला आणि त्यांना इकडे घेऊन आले. आले खरे, पण आमच्या घरात ते असे वावरायचे जणू वेटिंग रूममध्ये बसलेत. चहाचा कप स्वतः विसळणार, पंखा स्वतःसाठी लावणार नाहीत, जावई घरी आला की सोफ्यावरून उठून खुर्चीवर जाणार. नवरा बिचारा हात जोडून थकला. शेवटी एकदा अप्पा म्हणाले, लेकीच्या घरी बाप पाहुणा म्हणून शोभतो, मुक्कामाला नाही. आमच्या घराण्यात हे असलंच. आत्याला मूल होईपर्यंत आजोबा तिच्या गावचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते, आणि ही गोष्ट अप्पा अजूनही अभिमानानं सांगतात. मला तर ऐकूनच घशाला कोरड पडते.

मी भांडले, रडले. त्यांनी तोवर अगरा नावाच्या वस्तीत देवळाजवळ एक खोली बघूनसुद्धा ठेवली होती. सोलापूरचा माणूस, कानडी येतंच, कुणाच्या मदतीची गरजच नाही. घरमालकीण ऐंशीच्या घरातली, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच वाढलेल्या मराठी कुटुंबातली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. तिचं मराठी निम्मं कानडी, पण अप्पांचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. म्हटलं, ठीक आहे, माझ्या ऑफिसच्या वाटेवर तर आहेत.

आणि मग टायफॉइड झाला. दवाखान्यातून सुटले तेव्हा अप्पा म्हणजे नुसता सदरा उरला होता. मी म्हटलं, आता गुपचूप घरी चला. ते म्हणाले, खोलीवर जाईन. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. मऊ, गरम, घरचं अन्न दोन्ही वेळा पोटात गेलं पाहिजे. महिन्याभरानं वजन करू. वाढलं तर राहा एकटे, नाही वाढलं तर मुलीकडे. अप्पांचा चेहरा असा झाला जणू कुणी त्यांना तुरुंगाची तारीख दिली. मला त्यांच्या खोलीचं काही पडलं नव्हतं. मला माणूस हवा होता. आईच्या मागे मला ‘अगं बाई’ म्हणून हाक मारणारं जगात तेवढंच एक उरलं होतं.

पहिल्या दिवशी डबा डिलिव्हरीवाल्याबरोबर धाडला. अप्पांनी त्याला सांगितलं, पत्ता चुकलाय. दुसऱ्या दिवशी गाडीनं नेला, तर इब्बलूरच्या सिग्नलच्या गर्दीत वरणाचा थंडगार गोळा झाला. मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, डबा सायकलवरूनच जाणार, आणि गरम जाणार.

बोलणं सोपं. पिशवी हँडलला अडकवली तर ती हँडलबरोबर वळते, उलट झोका घेते आणि आपण एकीकडे, सायकल दुसरीकडे. पहिल्याच गतिरोधकाला ताकाचा डबा उघडला आणि सगळं ताक माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत. मग मागच्या कॅरिअरवर बांधून पाहिला. घडीच्या सायकलीला मागं जागाच कुठे असते? दर पायडलला टाच डब्याला लागायची. अप्पांकडे पोचेपर्यंत पोळ्यांचा चुरमा. नवरा म्हणाला, रिक्षानं का जात नाहीस? मी म्हटलं, रिक्षा काय उडते?

मी रात्रंदिवस त्या सायकलच्याच मागे लागले. कळलं की बॅग हँडलला नाही, सायकलच्या मानेला लावायची असते. तिथे एक ठोकळा बसतो, त्यावर बॅग खटकन अडकते. मग हँडल कितीही वळवा, बॅग आपली नाकासमोर बघत शांत. आधी उलटा बसवला, मग सरळ. बोटं सोलवटली. पण त्या दिवशी आमटी काठोकाठ भरून नेली आणि थेंब सांडला नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी एकटीच हसत होते.

पुढं ओझं आल्यावर चढ जड जायला लागला. मागचं दातांचं चक्र बदललं, मोठं बसवलं, आता उड्डाणपुलाजवळचा चढ मी बसूनच चढते. उतारावर ब्रेक किंचाळायचे, ब्रेकची रबरं बदलली. खड्ड्यांसाठी जाड टायर आले. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे त्या दोरीला आता जुनी चेन लटकलेली. नवरा म्हणाला, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण टायर चढवताना चाक धरायला तोच उभा होता, हे सांगितलं पाहिजे.

सकाळी डबा पोचवायचा, संध्याकाळी परतताना रिकामा घ्यायचा, अशी रीत बसली. रिकामा म्हणजे तसा रिकामा नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही ही आमच्या घरची शिस्त. आई शेजारणीची वाटी चिमूटभर साखर घालून का होईना, पण भरूनच परत करायची. अप्पाही तेच करत. कधी दोन केळी, कधी कोथिंबिरीची जुडी, कधी गूळ. मला बरंच वाटायचं. म्हटलं, माणूस ताळ्यावर येतोय.

मग मी आणखी मोठी बॅग घेतली. तिच्यात दोन डबे, ताकाची बाटली, वर लॅपटॉपसुद्धा मावायचा. मी खूश. डब्यात खीर वाढली, तूप वाढलं, मेतकूट-भात वाढला. आणि परतीची बॅगही वाढली. आता नारळ यायला लागला, खजूर, रागीचं पीठ, एकदा तर फणसाच्या गऱ्यांचा अख्खा डबा. संध्याकाळी चढावर पायाला सकाळच्याइतकाच ताण यायचा. मी नवऱ्याला सांगायची, बघ, माझ्या बापाचा हात किती सढळ आहे. आम्ही दोघं चहाबरोबर ते खजूर खायचो.

महिना झाला. दवाखान्यात अप्पा काट्यावर उभे राहिले. काटा हलला तो खाली. थोडा, पण खालीच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, घरी नीट करता ना, अशा नजरेनं. मला संताप आला. एवढी सायकल सजवली, पहाटे उठून रांधलं, आणि माझाच बाप माझ्या डोळ्यांदेखत झिजतोय? डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, त्यानंतर मी ऐकणार नाही. अप्पा परतताना रिक्षातून बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा घ्यायला गेले तर अप्पा झोपले होते. फाटकाशी अक्का बसली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

“तुझं वरण बाकी फस्ट क्लास असतं हं, रोज खाते मी. आणि अप्पांकडचे खजूर संपले काय गं? अप्पांना रोज देते मी, स्वल्प रक्त येऊ दे म्हणून.”

मी सायकल फाटकाला टेकवली. मग एकेक विचारत गेले. खजूर अक्काचे. केळी अक्काची. रागीचं पीठ तिनं घरी भाजून दळलेलं, दुधातून प्यायला दिलेलं, अप्पांना. माझ्या डब्यातलं निम्मं वरण-भात, निम्मी खीर अप्पा तिच्या ताटात घालायचे, कारण तिचं फुकट कसं खायचं? आणि तिनं दिलेलं माझ्या डब्यात भरायचे, कारण लेकीचं फुकट कसं खायचं? माझं वरण अक्काकडे, अक्काचे खजूर माझ्याकडे, आणि मधे माझा बाप उपाशी. आणि मी मूर्ख, बॅग मोठी करत बसले होते. जितकी मोठी बॅग, तितकं त्यांना भरून द्यावं लागत होतं. त्यांच्या तोंडचं काढून, नव्या गिअरवर, ताठ मानेनं मीच घरी नेत होते.

मी आत गेले आणि त्यांना उठवलं. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, मी परकी आहे का? बाप लेकीकडे हिशेब ठेवतो का? अप्पा गादीवर उठून बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाले, “अगं बाई, मला येतच नाही गं घेता. शिकवलंच नाही कुणी.”

मी चष्मा पुसला, डबा उचलला आणि निघाले. बेळ्ळंदूरपर्यंत मी स्वतःशी भांडत आले. त्यांना ओढून घरी आणू? आणलं तर ते आमच्या खुर्चीच्या कडेवर बसून मरतील. डबा बंद करू? तर मरतीलच. शपथ घालू? आजोबांना कुणी शपथ घालून पाणी पाजलं होतं का? मीही त्यांचीच मुलगी, हार मानायची म्हणजे जिवावर येतं. सोसायटीच्या फाटकाशी येईपर्यंत मी ठरवलं होतं. ज्या माणसाला घेता येत नाही त्याला द्यायला लावायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच रांधलं नाही. ठोकळ्यावरून बॅग काढून बाल्कनीत ठेवली. अक्काला फोन करून सांगितलं, आज दुपारचं तुम्ही तुमच्यासमोर बसवून त्यांना घाला आणि त्यांच्याकडून कणभर घेऊ नका, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. पुढचं ओझं गेल्यावर सायकल अशी हलकी झाली की हँडल हातात ठरेना, जरा श्वास घेतला तरी वळायची. इतक्या दिवसांनी मला तिची भीती वाटली. संध्याकाळी ऑफिसातून निघाले, अगऱ्याला गेले आणि अप्पांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग दाराबाहेर सायकलकडे. विचारलं, बॅग कुठेय?

“बॅग नाही आणली. मी माहेरी आलेय, अप्पा. सकाळपासून पोटात काही नाही. जेवायला वाढा.”

आई गेल्यापासून माहेर हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. तो बोलल्यावर मलाच रडू फुटलं. ते पाहून अप्पा एकदम उठले. इतकी वर्षं झाली, पण बापाच्या घरी लेक उपाशी आली म्हटल्यावर जी धांदल उडते, तीच उडाली. आधी मला ओरडले, आधी कळवायचं नाही का, घरात धड भाजी नाही. मग भिंतीला धरून ओट्याशी गेले. मी उठले तर म्हणाले, बस तू. कुकर लावला. बेसन काढलं. मिरची हातानंच मोडली. फोडणीचा ठसका खोलीभर झाला आणि पलीकडून अक्का खोकत म्हणाली, काय चाललंय? अप्पांनी मोठ्यानं उत्तर दिलं, माझी मुलगी आलीय जेवायला. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना आजारपणानंतर ऐकलं नव्हतं.

पिठलं-भात पुढं आला. वर कच्च्या तेलाची धार. मी हात लावला नाही. म्हटलं, माहेरी मी कधी एकटी जेवले आहे का? तुम्ही ताट घेतल्याशिवाय घास उचलणार नाही. आणि उपाशी लेक दारातून परत गेली तर गल्लीत तुमचीच शोभा होईल. अप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी पण बघितलं. मग त्यांनी दुसरं ताट घेतलं, समोर बसले आणि पहिला घास घेतला.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तिकडेच जेवते. नवराही शनिवारी येतो. सासऱ्याच्या घरी जावई जेवतो तसा मागून मागून जेवतो, आणि अप्पांना त्याच्यासोबत बसावंच लागतं. घरातलं सामान संपलं की अप्पा स्वतः पिशवी घेऊन दुकानात जातात. दोन आठवड्यांनी काटा किती वर सरकला ते डॉक्टरांनी सांगितलं, पण मला त्या आकड्याची गरज नव्हती. काटा वर जाताना मी पिठलं-भाताच्या त्या पहिल्याच संध्याकाळी बघितला होता. मला वाढता वाढता अप्पांनी भाताचा डाव स्वतःच्या ताटावर नेला, क्षणभर थांबले, आणि न विचारता, कुणाला काही न देता, स्वतःला दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. मी मान खाली घालून जेवत राहिले.