लाल सगळ्यात शेवटी

गिरणी बंद पडल्यावर माझे बाबा गिरगावात एका राजस्थानी कारागिराकडे मीनाकाम शिकले आणि पुढची सगळी वर्षं लालबागच्या आमच्या खोलीत चांदीच्या दागिन्यांत रंग भरत राहिले. मीना म्हणजे काचेची रंगीत पूड. ती ओली करून नक्षीच्या खाचांत भरायची आणि छोट्या भट्टीत भाजायची. प्रत्येक रंगाची आच वेगळी. पांढरा पहिला, मग निळा, मग हिरवा. लाल सगळ्यात शेवटी, कारण त्याला जास्त आच सोसत नाही, तो काळा पडतो.

भाजण्याआधी या पुडी फिकट, अधू नजरेला सारख्याच दिसतात. म्हणून नजर मंदावल्यापासून बाबा वाट्यांच्या क्रमावर काम करायचे. चार वाट्या, डावीकडून उजवीकडे. त्या भरून लावायला दर रविवारी मी वडाळ्याहून माहेरी यायचे, आणि यायचे ती तणतणतच. सत्तरी उलटलेल्या, धड न दिसणाऱ्या माणसाने दहा बाय दहाच्या खोलीत भट्टी पेटवायची म्हणजे काय? बस करा, असं शंभरदा सांगितलं असेन. ते हसायचे. "हात सांगता ना गो. डोळे कित्याक होये?"

एका रविवारी मी फोनवर बोलत बोलत वाट्या लावल्या. एका बाईने तिच्या आईची जुनी कानातली रंग उडाला म्हणून दिली होती. बाबांनी त्यांतली पानं भरली, भाजली, चिमट्याने बाहेर काढली. पानं काळीठिक्कर. ते पुन्हा पुन्हा खिडकीशी नेऊन बघत राहिले.

"माका आच कळाक नाय," म्हणाले. "हात गेलो माझो."

वाट्या विसळताना मला दिसलं. हिरव्याच्या जागी मी लाल ठेवला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मनात आलं, आयतंच झालं, आता तरी ही भट्टी बंद होईल. मी नळ सोडला आणि वाटी धुऊन टाकली. त्याच आठवड्यात बाबांनी भट्टी देऊन टाकली.

आता ते कशालाच हात लावत नाहीत. शर्टाची बटणं लावायलाही कुणाला तरी हाक मारतात. मला माझी लाज वाटते, तरी तोंड उघडत नाही. परवा चहा दिला तर म्हणाले, "तूच धर गो. माझ्या हातसून सांडात."

त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मी कप धरला.