धाकटीची थांबलेली शिष्यवृत्ती

शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत कॉलेजच्या आठवणी निघाल्या की ती बहुधा वह्या तपासत गप्प बसते. कोणी फारच आग्रह केला तर मान वर करून विचारते, "कुठल्या कॉलेजच्या सांगू? पहिल्या की दुसऱ्या?"

"म्हणजे दोन कॉलेजं केलीत?"

"एकच. दोनदा."

सगळे हसतात, घंटा होते आणि विषय तिथेच राहतो. पण वर्गाकडे जाताना तिच्या मनात ते दुसरं कॉलेज उघडतं, आणि मग गणिताच्या तासाला तिचे विद्यार्थी म्हणतात, आज बाई खुशीत दिसतात.

घरात ती धाकटी. थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, घरात मूल म्हणून हीच एकटी उरली, तरी ती धाकटीच राहिली. वडील शिलाई मशिनं दुरुस्त करत. रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि तेलाचा वास. बोलायला माणूस मितभाषी, पण धाकटीला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सुई बदलून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी ती बातमी सांगितली. फी आणि पुस्तकं, दोन्हींचा भार उतरला होता. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच.

पहिल्याच महिन्यात ती मागे पडली. शाळेत गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथे प्राध्यापक फळा भरत आणि पुसत, आणि सगळं डोक्यावरून जाई. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी सात मिळाले. दुसऱ्या दिवशी ती तासाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी, काल का नव्हतीस असं विचारतील म्हणून गेली नाही. चौथ्या दिवशी तर प्रश्नच मिटला. घरून वेळेवर निघायचं, खांद्याला पिशवी, हातात डबा, आणि कॉलेजच्या आधीच्या वळणावर वळून सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचं. तिथल्या वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा तिला पाठ झाल्या होत्या.

पहिल्या सत्रात दोन विषय गेले. कॉलेजकडून इशाऱ्याचं पत्र आलं, ते तिने पोस्टमनच्या हातूनच घेतलं आणि पुस्तकात दडवलं. दुसऱ्या सत्रात तिने तीन पेपर दिलेच नाहीत. त्यानंतरचं पत्र मात्र थेट वडिलांच्या दुकानावर गेलं.

त्या संध्याकाळी वडिलांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पत्र मोठ्याने वाचलं. समाधानकारक प्रगती नसल्याने शिष्यवृत्ती थांबवण्यात येत आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे नापास झाली," वडील म्हणाले. पत्राची नीट घडी घातली आणि एवढंच विचारलं, "अभ्यास जड गेला का?"

धाकटीने मान हलवली. वाचनालयाचं सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. आणि तो जो फुटला नाही, तो पुढची पाच वर्षं घशातच बसला.

ती कामाला लागली चष्म्याच्या दुकानात. दुकानाच्या मालकांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. गोल पोटाचे, बोलघेवडे, स्वतःचा चष्मा दिवसातून चारदा हरवणारे. त्यांनी तिला मागच्या खोलीत फिरत्या दगडाशी बसवलं. दगडावर पाण्याची धार ठिबकत असे. चौकटीच्या आकाराची खूण काचेवर करायची, मग काच दगडाला लावून कड घासत आणायची. पहिल्या आठवड्यात तिने इतक्या काचा फोडल्या की काका म्हणाले, "पोरी, गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून आपण दुकान काढलंय. आपलं दिवाळं दिसावं म्हणून नव्हे."

पण हात बसला. भिंतीवर एक काळी रेघ मारलेली होती. काच डोळ्यासमोर धरून हलवली की उणे नंबरच्या काचेतून ती रेघ हाताबरोबर सरके, अधिक नंबरच्या काचेतून उलट्या दिशेला. पाकिटावरचा नंबर न वाचता ती काच ओळखायला लागली. तिला त्या खोलीची आजही ओढ वाटते. ओल्या काचेच्या भुकटीचा वास, दगडाची घरघर, आणि पुढून येणारा काकांचा आवाज, "वाचा बघू शेवटची ओळ!" एखादी आजी नवा चष्मा लावून आधी रस्त्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे बघत राही. तसं झालं की काका तिला मागून बोलावून घेत. "ये, बघ, तुझी काच आहे ती."

पाचव्या वर्षी एक दिवस दुकानात एक बाई आल्या. उंच, सडपातळ, बोलण्यात काटकसर. जवळचं वाचता येईना म्हणून करायला टाकलेला चष्मा न्यायला आल्या होत्या. चौकट नाकावर बसवायला धाकटी पुढे आली, तशी बाई तिच्याकडे टक लावून बघायला लागल्या.

"तू आमच्या कॉलेजची ना? शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही करायला आली होतीस. आणि मग दिसेनाशी झालीस."

त्या बाई कॉलेजच्या कचेरीत शिष्यवृत्त्यांचं काम बघत. तिच्या नावाची दोन्ही पत्रं त्यांनीच टाइप केली होती.

"माझी शिष्यवृत्ती रद्द झाली," ती कशीबशी म्हणाली.

"कोणी सांगितलं रद्द झाली? थांबवली होती. पत्र नीट वाचलं नाहीस का? खाली लिहिलं होतं, पुन्हा अर्ज करता येईल."

"पाच वर्षं झाली, बाई."

"सहा वर्षांपर्यंत चालतं." बाईंनी नवी काच लावून हातातल्या छापील कार्डावरची शेवटची, बारीक ओळ न अडखळता वाचली. "छान दिसतंय. तू केलीस ही? मग सोमवारी कचेरीत ये."

सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी काकांनीच तिला पिटाळलं. "जा. पुढचं गिऱ्हाईक ओरडलं तर त्याला माझा चष्मा देईन."

कचेरीत बाईंनी नियम समजावला. एक सत्र स्वतःच्या फीने पूर्ण करायचं, सगळे विषय सुटले पाहिजेत आणि सरासरी पन्नास टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. सोबत एक पत्र जोडायचं. आधी काय झालं, का झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मग समिती ठरवणार.

धाकटीने तिथेच बसून पत्र लिहिलं. घरगुती अडचणींमुळे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले.

बाईंनी वाचलं. "कोणती अडचण?"

"म्हणजे... तशी..."

"आई आजारी होती? वडील?"

"नाही."

"मग बिचाऱ्या घराला कशाला मध्ये आणतेस? दुसरं लिही."

दुसऱ्या पत्रात तिने प्रकृतीची कारणं दिली. तेही परत आलं. "डॉक्टरांचा दाखला आहे?" नव्हता. बाई रागावल्या नाहीत, फक्त कोरा कागद पुढे केला. "हे बघ, मी अशी शेकडो पत्रं वाचलीत. खोटं लिहिलेलं सगळं एकसारखं असतं. खरं लिहिलंस तर निदान मला कंटाळा येणार नाही."

तिसरं पत्र तिने घरी नेलं. मला गणित कळत नव्हते आणि तसे म्हणायची लाज वाटली, एवढं पहिलंच वाक्य लिहायला तिला दोन दिवस लागले. पण ते झाल्यावर बाकीचं सरसर उतरलं. वाचनालय, पुस्तकात दडवलेलं पत्र, न दिलेले पेपर. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे सगळं समितीच्या तीन परक्या माणसांना कळणार, आणि वडिलांना अजून ठाऊक नाही.

रविवारी दुपारी वडील दारात मशीनचा एक भाग रॉकेलने पुसत बसले होते. ती शेजारी बसली आणि पत्र वाचून दाखवलं. वडिलांचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला. वाचून संपलं.

"डबा कुठे खायचीस?" वडिलांनी विचारलं.

"वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर."

"एकटीच?"

"हो."

"मग दुकानावर यायचंस," ते म्हणाले. "मीही एकटाच खातो."

ती रडली, तेव्हा आई बाहेर आली आणि काय झालं म्हणून दोघांना विचारत सुटली. वडील म्हणाले, "काही नाही. कॉलेजात जायचं म्हणते."

दुसरं कॉलेज ते हे. सकाळी तास, दुपारी दुकान. वर्गातल्या मुली तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा प्राध्यापक आले समजून सगळे उठून उभे राहिले. मग हशा पिकला, आणि त्या हशातच तिची ओळख झाली. चार दिवसांत सगळा वर्ग तिला ताई म्हणायला लागला. प्रयोगशाळेत भिंगाचा प्रयोग होता. बाकीच्या मोजपट्ट्या सरकवत होत्या, हिने भिंग हातात धरून हलवलं आणि अंदाजाने आकडा सांगितला. मोजल्यावर तो जवळपास बरोबर निघाला. त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत जमिनीवर चालत नव्हती.

पण गणित ते गणितच. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी अकरा. दुसऱ्या सकाळी कॉलेजच्या आधीच्या वळणावर तिचे पाय आपोआप वळले. वाचनालयाच्या दारापर्यंत ती पोचलीसुद्धा. आत तेच टेबल, तीच वर्तमानपत्रं, तोच खोकणारा म्हातारा. त्याने ओळखून मान डोलावली आणि बाजूची खुर्ची सरकवून दिली. त्या खुर्चीकडे तिने एकदा बघितलं. ती मागे फिरली आणि जवळजवळ धावतच कॉलेजात गेली. तास अर्धा झाला होता. दारात उभं राहून ती म्हणाली, "सर, उशीर झाला. आणि मला गेल्या तीन आठवड्यांचं काहीही कळलेलं नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मलाही." मग आणखी दोघी. सरांनी डोकं खाजवलं. "अरे, मग इतके दिवस माना कशाला डोलावत होतात?"

तेव्हापासून रोज तास संपल्यावर अर्धा तास जास्तीचा. पाच-सहा मुली, ती, आणि सर. त्याच बाकांवर तिला पहिल्यांदा गणित समजलं. एकदम नाही, कणाकणाने. आज वर्गात एखादं पोर गप्प बसलं की ती फळा सोडून त्याच्या बाकाशी जाते, ती सवय तिथली.

सत्राचा निकाल लागला. सगळे विषय सुटले, सरासरी बावन्न. गणितात जेमतेम काठावर. समितीपुढे तिला बोलावलं. तिघांपैकी वयस्कर गृहस्थांनी पत्र वर उचललं.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"बावन्न म्हणजे फार नाहीत. पुढच्या सत्रात पुन्हा घसरलात तर?"

तिने बरीच उत्तरं घोकून ठेवली होती, पण त्यातलं एकही आठवलं नाही. "घसरेनही, सर," ती म्हणाली. "पण या वेळी तुम्हाला पत्र पाठवावं लागणार नाही. मीच येऊन सांगेन."

गृहस्थ हसले नाहीत. शेजारच्यांकडे बघून त्यांनी काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी बाईंनी तिला कचेरीत बोलावून कागद दाखवला. शिष्यवृत्ती पुन्हा सुरू, मात्र दर सत्राला प्रगती दाखवायची.

"दर सत्राला म्हणजे दर सत्राला," बाई म्हणाल्या, आणि नवा चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "काच जरा धूसर झालीये तुझी."

"काच चांगली आहे, बाई."

"गप्प बस."

दर सत्राला ती गेली. मधे एक सत्र वाईट गेलं, तेव्हा कबूल केल्याप्रमाणे निकालाआधीच जाऊन सांगून आली. एकूण तीन वर्षं लागली. तिच्या शेवटच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. चष्म्याच्या दुकानाच्या जागी आता मोबाईल विकतात, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या रस्त्याने जाताना तिची पावलं अजून मंदावतात.

पण मनात सगळ्यांत वर राहिलाय तो शेवटच्या निकालाचा दिवस. वडील दुकान बंद करून तिच्याबरोबर आले होते. निकालाच्या कागदाकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग म्हणाले, "तुझा वर्ग कुठला, तो दाखव."

वर्ग रिकामा होता. वडील आत गेले, फळ्यावरून हात फिरवला, आणि एका बाकावर बसले. बाक डुगडुगला. त्यांनी खाली वाकून बघितलं, खिशातून पेचकस काढला आणि स्क्रू आवळला. तेवढ्यात पुढच्या तासाची मुलं आत यायला लागली. एकाने त्यांना कॉलेजचे सुतार समजून म्हटलं, "काका, तिसऱ्या रांगेतलाही बघा जरा, फार हलतो."

धाकटी सांगायला पुढे झाली की हे माझे वडील आहेत. पण वडील तोवर तिसऱ्या रांगेत गुडघ्यावर बसलेही होते. ती दाराला टेकून थांबली.