पोस्टाने आलेला कोट

परवा नातू मोबाइलवर कोट मागवत होता. मापं भरायची म्हणून मला टेप धरायला बोलावलं, आणि टेप टेकताच पठ्ठ्यानं छाती फुगवली. आमच्या घरातल्या बाप्यांची ही खोडच. टेप दिसली की फौजेच्या भरतीचं मैदान आठवतं. "सोड श्वास," मी ओरडले. असा फुगवलेला एक कोट मी भोगलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही उंब्रजजवळ राहायचो. मालक फौजेतून पेन्शनीत आले आणि दोनच वर्षांत गेले. थोरलाही फौजेतच. त्याचं लग्न ठरलं, पण सुट्टी अशी, की हळदीच्या आदल्या दिवशी घरी पोचणार. शिंप्याकडे जायला सवड कुठली? पेपरात जाहिरात होती: मापं पाठवा, शिवलेला कोट पोस्टाने घरपोच. खाली कापून भरायचा तक्ता.

पोरानं पत्रात सवयीनं दोन आकडे कळवले. छाती साधी छत्तीस, फुगवून अडतीस. तक्त्यात चौकट एकच. फौजीची छाती कमी कशाला सांगायची? मी शहाणीनं अडतीस लिहिलं. खांदा तर त्यानं कळवलाच नव्हता. मग ट्रंकेतून मालकांचा सदरा काढून त्यावर टेप लावली. पोरानं बापाचाच खांदा घेतलाय, असं सगळा गाव म्हणायचा. गावाचं काय जातंय म्हणायला! तक्ता भरणारी बावळट मी.

कोट आला. बाहेरच्या सोप्यात खुंटीला अडकवून मी पाण्याला गेले. परत आले तर भिंतीकडे तोंड करून मालक उभे. रुसले की उभे राहायचे, अगदी तसे. चाळिशी ओलांडलेली मी बाई, कोटापुढं चक्क डोक्यावर पदर घेतला.

सासूबाईंना मोतीबिंदू. भिंत चाचपत आल्या आणि त्यांचा हात कोटाच्या खांद्यावर पडला.

"कवा आलास रं? जेवलास का?"

"आवं आत्याबाई, कोट हाय त्यो."

"गप बस. माज्या लेकराचा खांदा मला कळत न्हाई व्हय?"

त्या दिवसापासून जाता-येता त्या तिथं थांबून पुटपुटत. एकदा खुंटीखाली भाकरीची ताटली दिसली. मी ती उचलली, पण लगेच नाही. खोटं कशाला बोलू, नव्या कापडाला त्यांच्या विडीचा वास येतोय असं मलाही वाटायला लागलं होतं. माझ्याशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. मेल्यावरसुद्धा आधी आई!

पोरगं आलं, कोट घातला. आत आणखी एक माणूस मावला असता.

"आई, कुणाच्या मापाचा गं ह्यो?"

मी शिंप्याला बोलावणं धाडलं. त्यानं चिमटीत कापड धरून बघितलं. "छाती आत घेतो. खांदा मातुर उसवाय लागंल. सकाळपत्तूर हुतंय."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा खांदा उसवतोस रं?"

आवाज इतका बारीक, की शिंप्यानं चिमटीतलं कापड सोडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोराला भर मांडवात हसतील, हे मला कळत होतं. पण खांदा उसवला, की म्हातारीचं लेकरू दुसऱ्यांदा जाणार. आणि माझंही माणूस.

"छाती घ्या आत," मी म्हणाले. "खांदा ऱ्हाऊ द्या."

पोरगं चिडेल असं वाटलं. ते तसंच कोटासकट आजीपुढं जाऊन बसलं. तिनं खांदा चाचपला. "कवा आलास?"

"आत्ताच आलो, आई," जन्मभर तिला आज्जी म्हणणारा तो म्हणाला.

मांडवात पाहुणे हसलेच. कोट भाड्यानं आणलाय काय, असंही कुणीतरी म्हणालं. त्या लग्नाचा फोटो माझ्या कपाटात आहे. अजूनही तो काढला, की पोराचा चेहरा मी सगळ्यात शेवटी बघते.